टाळ्या कुणाच्या, मतं कुणाची

डिसेंबर २०२२मध्ये न्यूयॉर्क फिल्म क्रिटिक्स सर्कलने सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक म्हणून ‘आरआरआर’च्या एस. एस. राजामौलींचं नाव जाहीर केलं आणि त्याच रात्री मी ऑस्करच्या पाच दिग्दर्शकांत त्यांना बसवून मोकळा झालो. दरवर्षी आमच्या पंधरा-वीस जणांच्या गटात ही पैज लागते. हरणाऱ्यांनी मिळून जिंकणाऱ्याला मिसळ खिलवायची. गेली काही वर्षं ती मिसळ बहुतेक वेळा एकाच व्यक्तीच्या ताटात पडते. त्या म्हणजे आमच्या बाई, माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिका. चित्रपट त्या आमच्याइतके बघत नाहीत. माझी यादी वाचून त्या एवढंच म्हणाल्या, “तुम्ही टाळ्या मोजताय. मतं कुणाची आहेत ते बघा की.”

पुढच्या जानेवारीत नामांकनं आली. दिग्दर्शकांच्या पाचांत राजामौली नव्हते. ‘आरआरआर’ला एकच नामांकन मिळालं, ‘नाटू नाटू’ या गाण्याला, आणि मार्चमध्ये त्या गाण्याने ऑस्कर जिंकलंही. समीक्षक चुकले नव्हते. मी त्यांचा कौल चुकीच्या रकान्यात मांडला होता. हा लेख त्या रकान्यांविषयी आहे. यंदा कुणी तुमच्याशी अशी पैज लावली तर निदान माझ्यासारखं हसं होऊ नये.

डिसेंबर-जानेवारीत बातम्यांत ‘समीक्षकांनी निवडला’ असं ज्यांच्याविषयी म्हणतात, ते सगळे एका माळेचे मणी नाहीत. न्यूयॉर्कचं सर्कल १९३५पासूनचं. नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्स १९६६ची आणि लॉस एंजेलिस फिल्म क्रिटिक्स असोसिएशन १९७५ची. तिन्हींचे सदस्य काही डझन. वर्षभर चित्रपट बघून त्यांवर लिहिणं हाच त्यांचा धंदा. अशा माणसाला वर्षाअखेरीस लोकांना माहीत असलेलं नाव पुन्हा सांगण्यात रस नसतो. ‘हा चित्रपट तुमच्या नजरेतून सुटला, बघा’ असं सांगण्यात असतो. २०२१मध्ये या तिन्ही संस्थांनी सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून एकच नाव दिलं, ते म्हणजे र्‍युसुके हामागुची यांचा तीन तासांचा जपानी ‘ड्राइव्ह माय कार’. त्या वर्षीचं मुख्य ऑस्कर मात्र ‘कोडा’ला गेलं, आणि ‘कोडा’ या तिघांच्या यादीत कुठेच वर नव्हता.

क्रिटिक्स चॉइस हे प्रकरण वेगळं. ही संस्था १९९५मध्ये दूरचित्रवाणी आणि रेडिओवरच्या समीक्षकांनी काढली. आज तिचे मतदार पाचशेहून जास्त आहेत, आणि तिचा सोहळा म्हणजे लाल गालिच्यासकट टीव्हीवरचा कार्यक्रम. मतदार जितके जास्त, तितकी निवड मध्यममार्गी, हे आपल्या गृहनिर्माण सोसायटीच्या सभेतही दिसतं. त्यामुळे क्रिटिक्स चॉइसची नामांकनं ऑस्करच्या जवळ जातात. या संस्थेचा हेतूच तो आहे, असं टोमणे मारणारे म्हणतात, आणि मला ते पूर्ण खोटं वाटत नाही. गोल्डन ग्लोब्जचे मतदार मुळात समीक्षक नव्हेत, पत्रकार. ज्या जुन्या संस्थेकडे तो पुरस्कार होता, तिच्यावर २०२१मध्ये टीकेची झोड उठली आणि २०२३मध्ये ती बंद झाली. ग्लोब्जकडे भाषणांसाठी बघा, आकडेमोडीसाठी जरा कमी.

या कुणाच्याही यादीत ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे मतदार नसतात, आणि सगळा घोटाळा इथेच होतो. ऑस्करची मतं देणारे सुमारे दहा हजार लोक म्हणजे नट, संकलक, ध्वनिमुद्रक, वेशभूषाकार, निर्माते. समीक्षकांची यादी वाचून ते चित्रपट बघायला बसतात, त्या यादीबरहुकूम मत देत नाहीत. तेव्हा डिसेंबरच्या याद्यांतून ‘कोण जिंकणार’ शोधू नका. दहा हजार माणसं नाताळच्या सुट्टीत कोणते चित्रपट बघायला काढतील, तेवढं शोधा.

आता बाईंच्या यशाचं गुपित. नोकरीत असताना विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात त्यांनी अनेकदा मतदान केलं. जांभळं स्केचपेन हातात घेऊन उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे घालायचे, मग मोजणीत शेवटचा उमेदवार बाद, त्याची मतं दुसऱ्या पसंतीला, पुन्हा एक बाद, असं निम्म्याहून जास्त मतं कुणाकडे जमेपर्यंत. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर बरोबर याच पद्धतीने ठरतं. २००९च्या चित्रपटांपासून अकादमीने या गटातल्या नामांकनांची संख्या पाचावरून वाढवली आणि पसंतीक्रमाची मतपत्रिका आणली. नामांकनांची पद्धत मात्र वेगळी. ती विधान परिषदेवर आमदारांनी निवडून द्यायच्या जागांसारखी आहे, म्हणजे जागा अनेक आणि प्रत्येकीला कोटा. आपल्या मराठी वाहिन्यांवर ‘पहिल्या पसंतीची मतं फुटली’ हे वाक्य ज्याने रात्रभर ऐकलंय, त्याला ऑस्करची मोजणी वेगळी शिकवावी लागत नाही.

नटांचं उदाहरण घ्या. अभिनयाची नामांकनं फक्त नट ठरवतात, दिग्दर्शनाची फक्त दिग्दर्शक, संकलनाची संकलक. समजा, नटांच्या हजार मतपत्रिका आल्या. जागा पाच. हजाराला सहाने भागायचं, वर एक मिळवायचं, कोटा झाला १६७. एवढ्या लोकांनी एखाद्या अभिनेत्रीचं नाव पहिल्या क्रमांकावर लिहिलं की ती आत. उरलेल्या आठशे तेहतीस जणांनी तो चित्रपट पाहिलाही नसला तरी चालतं. म्हणजे नामांकनासाठी थोड्या लोकांचं वेड पुरतं. याउलट अंतिम फेरीत मुख्य पुरस्कारासाठी दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीची बेगमी लागते. कुणाच्याच डोळ्यांत न खुपणारा चित्रपट तिथे पुढे सरकतो. निम्म्यांना डोक्यावर घ्यावासा आणि निम्म्यांना फेकून द्यावासा वाटणारा चित्रपट पहिल्या फेरीत आघाडीवर राहूनही अडकतो.

म्हणून यादी हातात आली की दोन निरनिराळे प्रश्न विचारा. ‘याच्यासाठी कोण भांडेल?’ हा नामांकनाचा प्रश्न. ‘याच्याशी कुणाचं वैर आहे?’ हा विजेत्याचा. छोट्या समीक्षक संस्था पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी देतात. दुसऱ्याच्या बाबतीत त्यांच्याकडून अपेक्षाच ठेवू नका.

याचा ढळढळीत पुरावा २०१०चा. ‘द सोशल नेटवर्क’ने न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, नॅशनल सोसायटी आणि नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यू अशा चारही संस्था जिंकल्या. वर क्रिटिक्स चॉइस आणि ग्लोबही. एवढं झाल्यावर पैज लावायला उरतं काय? पण जानेवारीअखेरीस निर्मात्यांच्या गिल्डने, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघटनेने, ‘द किंग्ज स्पीच’ निवडला, मग दिग्दर्शकांच्या आणि नटांच्या गिल्डनेही तोच कौल दिला, आणि ऑस्करही त्यालाच गेलं. समीक्षकांच्या मते वर्षातला सर्वांत धारदार चित्रपट एक होता, आणि आईवडिलांना सोबत नेऊन बघावा असा दुसरा. पसंतीक्रमात दुसरा जिंकला. माझं स्वतःचं मत आजही पहिल्याच्या बाजूने आहे, पण पैजेत माझ्या मताला किंमत नाही, आणि तुमच्याही.

बाईंनी एकदा क्रिटिक्स चॉइस आणि ऑस्करचे मुख्य पुरस्कार समोरासमोर लिहून काढले. २००९ ते २०२४ या सोळा वर्षांच्या चित्रपटांत दोघांचा कौल दहा वेळा जुळला. सहा वेळा फुटला. क्रिटिक्स चॉइसने ‘द सोशल नेटवर्क’, ‘बॉयहूड’, ‘ला ला लँड’, ‘रोमा’, ‘वन्स अपॉन अ टाइम इन हॉलिवूड’ आणि ‘द पॉवर ऑफ द डॉग’ निवडले, त्या वर्षांत ऑस्कर गेलं ते अनुक्रमे ‘द किंग्ज स्पीच’, ‘बर्डमॅन’, ‘मूनलाइट’, ‘ग्रीन बुक’, ‘पॅरासाइट’ आणि ‘कोडा’ यांना. नुसतं ‘दहा-सहा’ म्हणून सोडून दिलं तर हाती काही लागत नाही. पण या सहा विजेत्यांकडे नीट बघा. त्यांपैकी पाच जणांच्या पदरात ऑस्करच्या आधी निर्मात्यांच्या गिल्डचा किंवा नटांच्या गिल्डचा मोठा पुरस्कार पडलेला होता. ‘द किंग्ज स्पीच’, ‘बर्डमॅन’ आणि ‘कोडा’ यांच्याकडे दोन्ही होते. ‘ग्रीन बुक’कडे निर्मात्यांचा, ‘पॅरासाइट’कडे नटांचा. निर्मात्यांचं गिल्डही पसंतीक्रमानेच मोजतं, आणि नट हा अकादमीतला सर्वांत मोठा गट. म्हणजे क्रिटिक्स चॉइसच्या विजेत्याला यादीत वर ठेवा, पण पेन्सिलीने. गिल्ड वेगळं बोललं की खोडरबर हाताशी हवा.

राहता राहिला ‘मूनलाइट’. त्याच्याकडे दोन्ही गिल्डं नव्हती. होता लॉस एंजेलिसच्या समीक्षकांचा आणि नॅशनल सोसायटीचा कौल, आणि नाट्य विभागातला ग्लोब. अधूनमधून समीक्षक अकादमीच्या पुढे धावतात आणि अकादमी धापा टाकत मागून येते. असं वर्ष आधी ओळखण्याची खात्रीची युक्ती माझ्याकडे नाही. एक खूण मात्र सांगतो. लॉस एंजेलिसचे समीक्षक विजेत्याबरोबर उपविजेताही जाहीर करतात, आणि नॅशनल सोसायटी तर पहिल्या तिघांचे गुणही देते. २०१६मध्ये लॉस एंजेलिसला ‘मूनलाइट’ पहिला आणि ‘ला ला लँड’ दुसरा होता. ज्या दोन नावांत शेवटी सामना होणार होता, ती दोन्ही डिसेंबरमध्येच एका ओळीत छापून आली होती. बातमीत मथळ्याखाली बारीक अक्षरात काय आहे, ते वाचायची सवय लावा.

अभिनयाच्या विभागांत गंमत जास्त आणि फजिती त्याहून जास्त. क्रिटिक्स चॉइस अभिनयाला साधारण सहा नामांकनं देते, ऑस्करमध्ये जागा पाचच. तेव्हा सहाही नावं जशीच्या तशी उतरवणाऱ्याचं एक तरी उत्तर चुकलेलंच असतं. कुणाला काढायचं? बहुतेक जण ज्याचा चित्रपट कमी गाजला त्याला काढतात. मी त्याआधी एक गोष्ट बघतो. त्या नटाखेरीज चित्रपटाला आणखी कुठे नावं आहेत का? पटकथा, संकलन, सहायक भूमिका? चित्रपट सगळीकडे हजर असेल तर नट त्याच्या लाटेबरोबर किनाऱ्याला लागतो. एकट्या अभिनयाच्या जोरावर पोहणाऱ्याचा दम अनेकदा मध्येच संपतो.

माइक ली यांच्या नायिकांना विचारा. २००८मध्ये ‘हॅपी-गो-लकी’साठी सॅली हॉकिन्सने न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि नॅशनल सोसायटी या तिन्ही ठिकाणी बाजी मारली, वर ग्लोबही घेतला. ऑस्करच्या नामांकनांत तिचं नाव नव्हतं. सोळा वर्षांनी त्याच दिग्दर्शकाच्या ‘हार्ड ट्रुथ्स’साठी मॅरिअन जाँ-बाप्तिस्तच्या वाट्याला तेच तिन्ही कौल आले आणि तोच शेवट आला. दोघींच्या मधल्या काळात, २०१८मध्ये, ‘फर्स्ट रिफॉर्म्ड’च्या ईथन हॉकचंही हेच झालं. तिन्ही समीक्षक संस्था एका सुरात बोलल्या म्हणजे नामांकन पक्कं, ही समजूत या तीन नावांनी मोडून टाकली. छोटा चित्रपट आणि एकटा नट अशी जोडी दिसली की सावध व्हा. तिन्ही कौल मिळालेले असोत, नटांच्या गिल्डच्या यादीत नाव आहे का ते आधी बघा.

अंतिम फेरीतही हुरळून जाऊ नका. २०२४च्या हंगामात डेमी मूरने ‘द सब्स्टन्स’साठी ग्लोब, क्रिटिक्स चॉइस आणि नटांच्या गिल्डचा पुरस्कार असं सगळं घेतलं. ब्रिटिश अकादमीने मात्र ‘अनोरा’च्या मायकी मॅडिसनला निवडलं, आणि ऑस्करही तिलाच मिळालं. अकादमीत अमेरिकेबाहेरचे सदस्य गेल्या दशकात बरेच वाढले आहेत. लंडनहून काही वेगळं ऐकू आलं तर कान टवकारा.

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय. २०२४मध्ये पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला कान महोत्सवात ग्राँ प्री मिळाला. त्यात छाया कदम यांची पार्वती मुंबईतलं घर सोडून रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतते. तो समुद्र आणि ती घरं कुणा मराठी माणसाला ओळखून सांगावी लागत नाहीत. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस दोघांनीही परभाषी चित्रपटाचा मान त्याला दिला. ग्लोब्जमध्ये पायल यांना दिग्दर्शनाचं नामांकन मिळालं. जानेवारीत नॅशनल सोसायटीने तर त्यांना वर्षाच्या सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरवलं. ऑस्करची किती नामांकनं? एकही नाही.

आमच्या गटात त्या संध्याकाळी ‘अन्याय’ या शब्दाचा पूर आला होता. कारणं मात्र साधी होती. आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागात प्रत्येक देश एकच चित्रपट पाठवू शकतो. भारताने ‘लापता लेडीज’ पाठवला. त्यातही छाया कदम होत्याच, मंजू माई म्हणून. फ्रान्सच्या पैशाचा वाटा असल्याने पायल यांचा चित्रपट त्या देशाच्याही विचारात होता, पण फ्रान्सने ‘एमिलिया पेरेझ’ निवडला. समीक्षकांसाठी अशी कुठली सीमा नसते. त्यांना जो परभाषी चित्रपट आवडतो, त्याला ते बक्षीस देतात. म्हणून परभाषी विभागाचा अंदाज बांधताना समीक्षकांच्या यादीआधी देशांच्या प्रवेशिकांची यादी समोर ठेवा. जे नाव त्यात नाही ते खोडा, कितीही लाडकं असलं तरी. त्यानंतर अकादमीची पंधरा चित्रपटांची प्राथमिक यादी येते. ‘लापता लेडीज’ त्या पंधरांत पोचला नाही. पोचला तो ब्रिटनने पाठवलेला हिंदी चित्रपट, ‘संतोष’!

देशाने पाठवलं नाही म्हणजे सगळंच संपलं, असंही नाही. २०२३मध्ये फ्रान्सने ‘ॲनाटॉमी ऑफ अ फॉल’ला डावललं, तरी जस्टीन त्रिए दिग्दर्शकांच्या पाचांत आल्या आणि मूळ पटकथेचं ऑस्कर घेऊन गेल्या. दिग्दर्शकांच्या शाखेला परदेशी सहकाऱ्यांविषयी विशेष प्रेम आहे. २०१८मध्ये पावेल पावलीकोव्स्की, २०२०मध्ये टोमास विंटरबर्ग, २०२१मध्ये हामागुची, २०२४मध्ये जाक ओदियार. माझा ठोकताळा असा की पाचांतली एक जागा अमेरिकेबाहेरच्या दिग्दर्शकासाठी मोकळी सोडायची. त्या जागेवर कुणाला बसवायचं हे मात्र कळीचं. तिथे समीक्षकांचा कौल हवा, आणि त्याबरोबर तो चित्रपट मतदारांपुढे पुनःपुन्हा नेऊन ठेवणारा, खिशात पैसा असलेला वितरकही हवा. प्रचाराला किती लागतं हे आपण ‘श्वास’च्या वेळी पाहिलं आहे. २००४मध्ये भारताची प्रवेशिका ठरल्यावर त्या मंडळींना अमेरिकेत जाऊन चित्रपट दाखवण्यासाठी लोकांपुढे हात पसरावा लागला होता.

प्रत्यक्ष अंदाज कसा बांधायचा? आमच्याकडे एक जुनी शंभरपानी वही आहे. सप्टेंबरात व्हेनिस आणि टोरोंटो संपले की त्यात नावं टिपायला सुरुवात होते. टोरोंटोचा प्रेक्षक पुरस्कार आवर्जून लिहितो. ‘स्लमडॉग मिलेनिअर’, ‘द किंग्ज स्पीच’, ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’, ‘ग्रीन बुक’ आणि ‘नोमॅडलँड’ या पाचांनी तिथे प्रेक्षक जिंकले आणि पुढे ऑस्करही. अर्थात २०२४चा विजेता ‘द लाइफ ऑफ चक’ त्या वर्षी प्रदर्शितच झाला नाही. तेव्हा नावापुढे प्रदर्शनाची तारीख हवीच. डिसेंबर-जानेवारीत समीक्षकांचे कौल येतात, त्यांपैकी न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि नॅशनल सोसायटी एवढेच टिपतो. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांना आपली समीक्षक संघटना आहे. त्या सगळ्यांची बेरीज करत बसाल तर एकाच हवेचे पंचवीस थर्मामीटर वाचल्यासारखं होईल. क्रिटिक्स चॉइसची नामांकनं आली की मग मोठी गाळणी. त्यांच्या यादीतही नाही आणि कुठल्याच गिल्डमध्ये नाही, असं नाव मुख्य विभागात ठेवायचं असेल तर वहीत कारण लिहावं लागतं. ‘मला आवडला’ हे कारण बाई चालवून घेत नाहीत.

एक नवा मुद्दा यात आलाय. २०२५मध्ये अकादमीने नियम केला की अंतिम फेरीत ज्या विभागात मत द्यायचं, त्यातले सगळे नामांकित चित्रपट सदस्याने पाहिलेले हवेत. पूर्वी माणसं ऐकीव कीर्तीवरही शिक्का मारत असणार. आता बघायला कंटाळवाणे, लांबलचक, उपशीर्षकांचे चित्रपटही बघावेच लागतील. माझ्या मते याचा फायदा समीक्षकांच्या लाडक्यांना होईल. बाईंच्या मते कंटाळलेला मतदार त्या विभागात मतच देणार नाही. या मुद्द्यावर आमची वेगळी पैज लागली आहे.

नामांकनं अमेरिकेतल्या पश्चिम किनाऱ्यावर पहाटे साडेपाचला जाहीर होतात, आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे सात. त्या दिवशी दुपारी बारालाच आमची वही बंद होते. प्रत्येकाने आपली यादी कागदावर लिहून, खाली तारीख आणि सही करून, फोटो गटावर टाकायचा. नंतर ‘मी हेच म्हणत होतो’ चालत नाही. राजामौलींचं नाव असलेला माझा कागद बाईंनी जपून ठेवलाय, आणि डिसेंबर आला की त्या तो गटावर पुन्हा टाकतात.